एक पत्र, चार प्राध्यापक आणि बदललेला कायदा: लोतिका सरकार यांच्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी लोतिका सरकार यांचं नाव ओझरतं घेतलं होतं, दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापक म्हणून, आणि त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे त्यांच्याबद्दलच होते. म्हणून यावेळी वारसा, पोटगी, भाडेकरार हे सगळं पुढच्या महिन्यावर ढकलते आणि अख्खी जागा लोतिकादींना देते. तो एवढ्या जागेचा विषय आहेच.

प्रश्न: ताई, मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला शिकवायला आवडतं, पुढे प्राध्यापक व्हायचंय. पण घरी सगळे म्हणतात की ज्याची प्रॅक्टिस चालत नाही तो लॉ कॉलेजात मास्तर होतो. तुम्ही म्हणालात त्या लोतिका सरकार कोण? आमच्या एकाही पुस्तकात त्यांचं नाव नाही.
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: आधी घरच्यांसाठी एक गोष्ट. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात बाबासाहेब आंबेडकर शिकवत होते आणि 1935 पासून काही वर्षं ते तिथले प्रिन्सिपॉल होते. तेव्हा लॉ कॉलेजात शिकवणं हे कमी दर्जाचं काम असं कुणी म्हणालं तर एवढं सांग, पुढे वाद घालायची गरज पडणार नाही.

आता लोतिकादी. जन्म 1923 चा. केंब्रिजला जाऊन कायदा शिकल्या, तिथून कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय बाई मानल्या जातात, आणि ही गोष्ट केवढी ते कळायला हे लक्षात ठेव की केंब्रिज विद्यापीठ 1948 पर्यंत बायकांना पूर्ण पदवी देतच नव्हतं, वर्गात बसा, परीक्षा द्या, पास व्हा, पण पदवी नाही. (आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली 1922 मध्ये, तीस वर्षांनी.) तिथून परत येऊन लोतिकादी दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीत शिकवायला लागल्या, तिथल्या त्या पहिल्या बाई शिक्षक. विषय क्रिमिनल लॉ. जरा डोळ्यासमोर आण, पन्नासचं दशक, समोर जवळपास सगळी मुलंच, आणि खून, मारहाण, बलात्कार ही कलमं एक बाई शिकवतेय. त्या काळी बाईने फार तर कौटुंबिक कायदा शिकवावा असंच लोकांना वाटत असणार.

तुझ्या पुस्तकांत त्या का नाहीत याचं माझं उत्तर असं की आपली पाठ्यपुस्तकं निकालांवर चालतात. निकाल म्हटला की जजचं नाव येतं, पक्षकारांचं येतं, कधीमधी वकिलाचंही येतं. पण त्या निकालात चूक कुठे आहे ते ज्याने दाखवलं, ज्याच्यामुळे पुढे कलम बदललं, त्याचं नाव कलमात छापलेलं नसतं. तू एव्हिडन्स ॲक्ट, म्हणजे साक्षीपुराव्याचा कायदा, शिकताना 114-ए कलम पाठ केलं असशील, त्याच्यामागे या बाई आहेत आणि त्यांच्याबरोबर अजून तिघं. ते पुढच्या पत्रांत येतंय.

प्रश्न: आमचं गाव देसाईगंज, म्हणजे वडसा. इथलं पोलीस स्टेशन देशभरच्या कायद्याच्या पुस्तकात आहे असं माझ्या मुलाला कॉलेजमध्ये कळलं आणि तो मला विचारत होता. मला जुनं थोडंफार ऐकून माहीत आहे, पण प्रोफेसरांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं म्हणजे नेमकं काय लिहिलं?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर: दादा, तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देतेय, कारण हे सगळं तुमच्या गावातच सुरू झालं.

26 मार्च 1972. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं. एक आदिवासी मुलगी, मजुरी करणारी, आईबाप नाहीत, डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा, घरगुती तक्रारीवरून रात्री पोलीस ठाण्यात बोलावली गेली. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला एकटीला आत ठेवलं. दिवे बंद, दार बंद, आणि ड्युटीवरच्या कॉन्स्टेबलने तिच्यावर बलात्कार केला, हेड कॉन्स्टेबलने अतिप्रसंग केला, असं तिचं म्हणणं. बाहेर नातेवाईक आणि गावातले लोक जमले, गर्दी चिडली, तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली. पुस्तकांत हा खटला मथुरा खटला म्हणूनच ओळखला जातो.

1974 मध्ये सेशन्स कोर्टाने दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय होती, त्यामुळे हा बलात्कार नाही, असा त्या निकालाचा सूर. 1976 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ते फिरवलं आणि दोघांना शिक्षा दिली, एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. नागपूरच्या त्या निकालात एक फार मोलाचं वाक्य आहे, मी माझ्या शब्दांत सांगते: घाबरून, अगतिक होऊन गप्प राहणं ही संमती होत नाही. आणि मग सप्टेंबर 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत दोघांना सोडलं. का, तर तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे सगळं शांतपणे झालं. हा शब्द माझा नाही बरं, तो संबंध शांतपणे झालेला होता अशाच अर्थाचे शब्द निकालात आहेत. वाचताना आजही संताप होतो.

निकाल लॉ रिपोर्टमध्ये छापून आला. हजारो वकिलांकडे ते रिपोर्ट येतात, सगळीकडे गेला, कपाटात लागला. तो वाचून स्वस्थ न बसणारे चौघं होते आणि चौघंही शिकवणारे, अभ्यास करणारे लोक: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. 16 सप्टेंबर 1979 ला त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. सरन्यायाधीश तेव्हा यशवंत चंद्रचूड होते, आपल्या पुण्यात कायदा शिकलेले.

पत्रात आरडाओरडा नाही, आणि म्हणूनच ते इतकं टोचतं. ते एका चांगल्या क्रिमिनल लॉ शिक्षकाने पेपर तपासावा तसं लिहिलंय. पहिला मुद्दा असा की संमतीत शरण जाणं असतं, पण शरण गेलं म्हणजे संमती दिली असं उलटं होत नाही. पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला शिकवतो ती ही गोष्ट, आणि देशाच्या सर्वोच्च कोर्टाने तीच धरली नाही. दुसरा मुद्दा, निकालात मुलगी कोण, किती वर्षांची, जागा कुठली, वेळ कुठली, समोर कोण, याचा विचारच नाही. गरीब आदिवासी पोर, रात्र, पोलीस ठाणं, वर्दीतले दोन पुरुष, बंद दार. अशा वेळी तिने किती जोरात ढकललं हे मोजायचं? आणि तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो. बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, त्या राहतात तिथे जाऊन विचारायचं, हे क्रिमिनल प्रोसीजर कोडच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, 160 कलमात आधीपासून होतं, आणि त्याच वर्षी 1978 मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या केसमध्ये याच सुप्रीम कोर्टाने त्यावर पोलिसांची कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. मग काही महिन्यांतच रात्री ठाण्यात ठेवलेल्या अल्पवयीन मुलीच्या केसमध्ये त्याबद्दल निषेधाचा एक शब्द का नाही, असं त्यांनी विचारलं.

शेवटी त्यांनी मागितलं एवढंच की केस पुन्हा ऐका, मोठ्या बेंचपुढे ठेवा.

त्या काळात नोकरीत असलेल्या प्राध्यापकाने सुप्रीम कोर्टाला असं जाहीर पत्र लिहायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कोर्टाचा अवमान म्हणून कारवाई होऊ शकते ही टांगती तलवार होतीच. लोतिकादी तेव्हा छप्पन वर्षांच्या, नाव झालेलं, पद मिळालेलं. काही न करता आरामात राहता आलं असतं.

मुलाला हे पण सांगा की वडशाचं नाव पुस्तकात फक्त वाईट गोष्टीसाठी नाहीये. त्या रात्री ठाण्याबाहेर गावातली माणसं थांबली नसती तर तक्रारच लिहिली गेली नसती, खटलाच उभा राहिला नसता, आणि प्रोफेसरांना वाचायला निकालही मिळाला नसता.

प्रश्न: या चौघांत कोणी मराठी होतं का?
– एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर: होतं तर. वसुधा धागमवार तुमच्या पुण्याच्याच म्हणायला हरकत नाही, पत्रावर त्यांचा पत्ता पुण्याचा होता. कादंबरीकार गीता साने यांच्या त्या कन्या, त्यामुळे बाईच्या हक्काचा प्रश्न त्यांना घरातूनच मिळालेला. कायदा शिकवला, लंडनला जाऊन संशोधन केलं, आणि मग धुळे जिल्ह्यात (आता तो भाग नंदुरबारमध्ये येतो) सातपुड्यातल्या भिल्लांच्या जमिनींचा, जंगल खात्याशी चाललेल्या त्यांच्या भांडणाचा प्रश्न घेऊन प्रत्यक्ष तिथे काम केलं. 1985 मध्ये दिल्लीत मार्ग नावाची संस्था काढली, साध्या लोकांना कायदा साध्या भाषेत समजावून सांगायचा हे तिचं मुख्य काम. 2014 मध्ये गेल्या. त्यांच्यावर मराठीत एक नीट, सविस्तर लेख लिहिला जायला हवा, मी तो या मासिकासाठी मिळवायचा प्रयत्न करतेय.

प्रश्न: तुमचा लेख वाचून राग आला म्हणून लिहितोय. प्रोफेसरांनी पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, कायदा बदलला, सगळं ठीक. त्या मुलीला काय मिळालं? आरोपी सुटले ते सुटलेच ना? मग हे संशोधन वगैरे कोणाच्या कामाचं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: तुमचा राग बरोबर आहे आणि तो मी खोडून काढणार नाही. तिला न्याय मिळाला नाही. निकाल तसाच राहिला, फेरविचाराची मागणी मान्य झाली नाही, आणि नंतर आलेला नवा कायदा मागच्या घटनेला लागू होत नसतो. या खटल्याबद्दल बोलताना हे पहिल्यांदा बोलायला पाहिजे, कायदा बदलला म्हणून टाळ्या वाजवून मोकळं होता येत नाही.

पण कोणाच्या कामाचं, हे विचारलंत तर सांगते. पत्र वर्तमानपत्रांत पोचलं आणि जानेवारी 1980 मध्ये मुंबईत बायकांनी एकत्र येऊन बलात्काराविरुद्ध मंच उभा केला, नागपुरात सीमाताई साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्या उभ्या राहिल्या, 8 मार्च 1980 ला वेगवेगळ्या शहरांत निदर्शनं झाली. त्यातून लॉ कमिशनचा अहवाल आणि त्यातून 1983 ची दुरुस्ती. पोलीस कोठडीत बलात्कार झाला तर कमीत कमी दहा वर्षं शिक्षा. पीडितेचं नाव छापायला बंदी. सुनावणी बंद दाराआड. आणि वर म्हटलं ते 114-ए: कोठडीतल्या केसमध्ये संबंध झाला हे सिद्ध झालं आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरून चालायचं. म्हणजे ‘ओरडली होतीस का, ओरबाडलं होतंस का’ याची उत्तरं तिने देत बसायचं नाही, आता दाखवायचं ते आरोपीने. नव्या साक्ष कायद्यात हेच कलम 120 नंबरने आहे.

इथे थांबलं नाही. 2002 च्या दुरुस्तीने बाईच्या चारित्र्यावरून तिला खोटं पाडण्याची सोय काढून टाकली. आणि डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर 2013 मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असं मानायचं नाही. हे वाक्य आणि 1978 चा निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. चौघांनी पत्रात जे म्हटलं होतं ते कलमात यायला चौतीस वर्षं लागली. लोतिकादी फेब्रुवारी 2013 मध्ये गेल्या, त्याच महिन्यात हा बदल वटहुकूम म्हणून आला होता.

आणि पत्र एकच नव्हतं बरं का. 1981 मध्ये आग्र्याच्या महिला सुधारगृहातल्या बायकांच्या हालांबद्दल पेपरात बातम्या आल्या, तेव्हा बक्षी आणि लोतिकादींनी पुन्हा सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, आणि यावेळी कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि आग्र्याच्या जिल्हा न्यायाधीशांना तिथे नियमित जाऊन पाहणी करायला लावली. ज्या कोर्टाच्या निकालावर त्यांनी जाहीर टीका केली त्याच कोर्टाने दोन वर्षांत त्यांचं पत्र असं हातात घेतलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे जनहित याचिका म्हणून जे रुळलं त्याच्या सुरुवातीच्या केसेसमधली ही एक. आग्र्यात आत असलेल्या बायकांना कोण प्रोफेसर, कसलं विद्यापीठ, काही माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांच्याकडे बघायला कोर्टाचा माणूस यायला लागला. कामाचं कोणाच्या, याचं उत्तर त्या बायका.

प्रश्न: मी ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून निवडून आले. एका शिबिरात ऐकलं की 1974 च्या एका सरकारी अहवालात महिला आरक्षणाचा विषय आधीच आला होता. खरं आहे का?
– एक सदस्या, जि. सांगली

उत्तर: खरं आहे ताई, आणि त्यात लोतिकादी आहेतच.

1971 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या स्त्रियांची स्थिती कशी आहे ते बघायला समिती नेमली, फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव, मुंबईच्या कामगार पुढारी मणिबेन कारा सदस्य, समाजशास्त्रज्ञ लीला दुबे सदस्य आणि कायद्याची बाजू बघायला लोतिका सरकार. समिती गावोगाव फिरली, शेतमजूर बायकांशी बोलली, आकडे काढले, आणि जे समोर आलं त्याने या शिकलेल्या बायकाच हादरल्या. राज्यघटनेत समानता लिहून वीस वर्षं उलटलेली, आणि दर हजार पुरुषांमागे बायकांचं प्रमाण 1901 मध्ये 972 होतं ते 1971 मध्ये 930 वर आलेलं. कामावरच्या बायका कमी होत चाललेल्या. कायदे होते, पण ज्यांच्यासाठी होते त्यांना माहीतच नव्हते. इतकी वर्षं आपण वर्गात समानतेचं कलम शिकवलं आणि बाहेर हे चाललं होतं, ही बोच त्या समितीतल्या अभ्यासक बायकांनी नंतर मोकळेपणाने सांगितली आहे. माझ्या मते लोतिकादींच्या आयुष्यातलं खरं वळण हे आहे, 1979 चं पत्र त्याच्या पोटातून आलं. 1974 च्या त्या अहवालाशिवाय ते तसं लिहिलं गेलं असतं असं मला वाटत नाही.

आता आरक्षण. समितीतल्या बहुतेकांचं मत विधानसभा आणि लोकसभेतल्या आरक्षणाच्या विरोधात गेलं. लोतिकादी आणि वीणादींनी वेगळं मत नोंदवलं, लेखी. गंमत अशी की तत्त्व म्हणून दोघीही आधी आरक्षणाच्या बाजूच्या नव्हत्या, त्यांचं मत पुराव्यांनी बदललं. त्यांचं म्हणणं होतं की सभागृहात एखाददुसरीच बाई असेल तर ती शोभेपुरती राहते, पक्षांनाही तिची फिकीर नसते, संख्या वाढली तरच बायकांचे प्रश्न टेबलावर येतील. तेव्हा ते अल्पमत होतं. मग 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा, आपल्याकडे महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. आणि लोकसभा-विधानसभेसाठीची दुरुस्ती झाली 2023 मध्ये, तीही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार अशी. तुम्ही ज्या खुर्चीवर बसता तिच्यामागे 1974 मधली दोन बायकांची सही आहे असं समजा. ग्रामसभेत कोणी म्हणालं ना की आरक्षणाने आलेली बाई, तर मान खाली घालू नका.

प्रश्न: आम्ही गेली बरीच वर्षं न्यूजर्सीत आहोत. इथे सुप्रीम कोर्टाच्या जज रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं नाव सगळे घेतात, त्यासुद्धा प्रोफेसर होत्या ना?
– एक वाचक, अमेरिका

उत्तर: होत्या, आणि तुमच्याच न्यूजर्सीत, नुअर्कला रटगर्स विद्यापीठात 1963 पासून. तिथे त्यांना पगार पुरुषांपेक्षा कमी दिला गेला, कारण काय तर नवऱ्याला चांगली नोकरी आहे. आपल्याकडच्या खासगी शाळा-कॉलेजांतल्या बायकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. पुढे तिथल्या बायकांनी मिळून समान वेतनासाठी दावा केला. 1970 च्या सुमारास विद्यार्थिनींनीच मागणी केली की स्त्रिया आणि कायदा असा विषय शिकवा, तो शिकवायला घेताना त्या लायब्ररीत बसल्या आणि त्यांना दिसलं की वाचायला सामग्री केवढीशी आहे. तिथून त्यांचं समानतेचं काम सुरू झालं. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या, प्राध्यापक असतानाच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सहा केसेस लढवल्या, पाच जिंकल्या. एक गोष्ट मला त्यांची फार आवडते: 1971 च्या रीड केसमध्ये, म्हणजे पुरुषांना झुकतं माप देणाऱ्या एका कायद्याविरुद्धच्या केसमध्ये, कोर्टात दिलेल्या लेखी म्हणण्यावर, म्हणजे ब्रीफवर, त्यांनी पॉली मरी आणि डोरोथी केनियन या आधीच्या पिढीतल्या वकील बायकांची नावं घातली, त्या दोघींनी ते ब्रीफ लिहिलं नव्हतं, पण विचार त्यांनी आधी मांडला होता म्हणून.

फरक एवढाच की गिन्सबर्ग पुढे जज झाल्या म्हणून जगाला माहीत झाल्या. लोतिकादी शेवटपर्यंत शिक्षक आणि संशोधकच राहिल्या.

प्रश्न: मॅडम, एलएलएम करतेय. असं काम करायचं असेल तर रस्ता काय? नेट द्यावी का आधी पीएचडी? आणि खरं सांगा, पोट भरतं का?
– एक विद्यार्थिनी, अकोला

उत्तर: खरंच सांगते. असिस्टंट प्रोफेसरसाठी एलएलएमला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 5 टक्के सवलत) आणि नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. सेट आपल्याकडे पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीसाठी. पीएचडी सुरुवातीच्या पदाला सक्तीची नाही, पण पुढच्या बढतीला लागतेच. तेव्हा आधी नेट-सेट काढ, एलएलएमचा अभ्यास ताजा असतानाच, आणि पीएचडीला घाई करू नको, विषय सापडू दे.

पैशाचं म्हणशील तर पक्की नोकरी लागली तर मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, वर भत्ते, चांगलं चालतं. पण पक्की लागणं हाच प्रश्न आहे. आपल्याकडे कितीतरी हुशार मुलं-मुली सीएचबीवर, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढतायत, तासाला पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी ठेवतील का माहीत नाही. समानता शिकवणाऱ्या माणसालाच समान कामाचा समान पगार नाही, ही गोष्ट मला अजिबात मान्य नाही आणि यावर प्राध्यापक संघटनांनी जेवढं भांडायला हवं तेवढं त्या भांडत नाहीत. म्हणून सल्ला असा की सुरुवातीला वकिलीची सनद घेऊन ठेव, जिल्हा कोर्टात जात राहा. पक्की पूर्णवेळ शिक्षक झालीस की प्रॅक्टिसचे नियम बदलतात, ते तेव्हा बघून घे.

संशोधनाचं मात्र कोणावर अवलंबून राहू नको. लोतिकादींच्या कामातून शिकायची पद्धत हीच की कायदा एका हातात आणि बाईचं रोजचं जगणं दुसऱ्या हातात, आणि दोन्ही जुळत नाहीत ती जागा शोधायची. नुसते सुप्रीम कोर्टाचे निकाल वाचून हे सापडत नाही, खालच्या कोर्टांचे वाचावे लागतात, ते आता ई-कोर्ट्सच्या साइटवर बरेचसे मिळतात. अकोल्यात बसून करण्यासारखं किती आहे बघ. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, केंद्राने 2005 मध्ये, पण तुझ्या तालुक्यात किती सातबाऱ्यांवर मुलींची नावं आहेत आणि किती जणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं गेलं, कुठल्या वर्षी, लग्नाच्या आधी का नंतर? तलाठी कार्यालयातले फेरफार बघायला मिळतात. किंवा कोठडीचं ते कलम, जुनं 114-ए, गेल्या दहा वर्षांत तुमच्या जिल्हा कोर्टात कितीदा वापरलं गेलं आणि सरकारी वकिलाला ते आठवतं तरी का? किंवा नोकरीच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असायला पाहिजे असा 2013 चा कायदा आहे, जिनिंग फॅक्टरीत, डाळ मिलमध्ये ती आहे का, तिथे काम करणाऱ्या बायकांना तिचं नाव तरी माहीत आहे का?

यातला एक घे. गाइडला भेटायच्या आधी पंधरा-वीस बायकांशी बोल, त्यांचे कागद बघ, मग विषयाचं शीर्षक ठरव, आणि विदर्भातली आहेस तर नागपूर खंडपीठाचा 1976 चा तो निकाल मूळ काढून वाच, निवांत बसून, पहिल्या पानापासून.